मानेवरचे जांभळे चौकोन

आज मी जिवंत आहे आणि हे लिहितो आहे. त्याचे सर्वांत मोठे ऋण माझ्यावर कोणाचे असेल, तर ते मरोळच्या फिलोमिना परेरा या नर्सबाईंचे. डॉक्टरांचे उपकार आहेतच. आईने आणि इंदूने, म्हणजे माझ्या पत्नीने, जे केले त्याविषयी बोलण्याची माझी लायकी नाही. पण फिलोमिना सिस्टरांनी माझा एक खोटेपणा पकडला आणि माझ्यासाठी एक खोटेपणा स्वतः केला. ते कसे झाले हे सांगण्यासाठीच हे लिहितो. ज्यांच्या घरी कोणाला किरणांचे उपचार चालू असतील त्यांनी हे जरूर वाचावे. मुलुंडला आमच्या आसपास राहणाऱ्या कोणाच्या हाती पडले, तर मात्र कृपा करून माझ्या आईला वाचून दाखवू नये. तिला वाचता येत नाही, म्हणूनच मी हे लिहू शकलो.

*

मी मूळचा कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते, ते मी मराठी चौथीत असताना वारले. आईने दुसऱ्यांच्या शेतांत भात लावून आणि कांडून मला हायस्कुलात घातले. पुढे मुंबईस येऊन, दिवसा कारकुनी करून, गणित घेऊन बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. मुलुंडच्या शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवू लागलो आणि आईला गावाहून आणले.

माझा आवाज मोठा होता. आमच्या शाळेत दोन वर्गांमध्ये नुसती तट्ट्याची भिंत, त्यामुळे मोठ्या आवाजाच्या मास्तरला मान होता. आई बाजारात जाताना मुद्दाम शाळेच्या मागच्या वाटेने जात असे. तिथे कुंपणाशी पिशवी खाली ठेवून ती उभी राहायची. मी काय शिकवतो त्यातले अक्षर तिला कळत नसे. आपल्या मुलाचा आवाज येतो आहे एवढे ऐकून ती पुढे जायची. हे मला एका विद्यार्थ्याने सांगितले. मी तिला कधी ओळख दिली नाही, पण ती उभी असेल असे वाटले की दोन वाक्ये जरा जास्त मोठ्याने बोलत असे.

परीक्षेच्या दिवसांत घसा बसला. खडूचा परिणाम असेल असे सगळेच म्हणाले. आईने ज्येष्ठमध दिला, हळदीचे दूध दिले. मे महिना गावी काढला. शाळा उघडली तेव्हा आवाज फाटलेल्या कागदासारखा येत होता आणि मागच्या बाकावरची पोरे माझी नक्कल करीत होती. गणपती झाल्यावर इंदूने हट्टच धरला, म्हणून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

*

निदान झाले तो दिवस. घशातला तुकडा काढून आधीच तपासायला दिला होता. डॉक्टर मध्यमवयाचे, शांत गृहस्थ होते. कागदावर माझ्या नावापुढे बी.ए. पाहून ते माझ्याशी इंग्रजीतून बोलले. शेजारी इंदू बसली होती. तिला त्यातले काही समजत नव्हते. डॉक्टर सौम्यपणे बोलत होते म्हणून ती अधूनमधून मान हलवीत होती, एकदा तर हसलीसुद्धा. मला सगळे समजत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रजी येत असल्याचा पश्चात्ताप झाला.

स्वरयंत्रावर कॅन्सर होता, पण लहान होता. स्वरयंत्र काढून टाकले तर जीव बहुतेक वाचेल, आवाज कायमचा जाईल. किरण दिले तर दोन्ही वाचण्याची चांगली आशा आहे, असे ते म्हणाले. मी किरण मागितले.

बाहेर आल्यावर इंदूने विचारले, "काय म्हणाले?"

"गाठ आहे. शेकाने जाईल."

"मग एवढा वेळ काय बोलत होते?"

मी जिना उतरू लागलो. त्या दिवसापासून मला डॉक्टरांची बोलण्याची बंदीच होती. उपचार संपेपर्यंत एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. इंदूला दिलेले ते शेकाचे उत्तर माझे उपचारांआधीचे शेवटचे बोलणे, आणि तेही अर्धे खोटे.

*

मुलीची जुनी पाटी मी घेतली. काय हवे-नको ते तीवर लिहून इंदूला दाखवीत असे. तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती पहिल्याच संध्याकाळी आली. मी बोलू शकत नव्हतो आणि आई वाचू शकत नव्हती. आईचे आणि माझे बोलणे आता फक्त इंदूच्या तोंडून होणार होते.

हॉस्पिटलात मला टेबलावर उताणे निजवले. खांद्यांखाली वाळूची पिशवी दिली आणि मान मागे टाकून कुशीला वळवली. डॉक्टरांनी बोटाने चाचपून मानेच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या औषधाने एकेक चौकोन काढला. रोज त्या चौकोनावर यंत्राचे तोंड टेकवायचे, असे पाच-सहा आठवडे. एक इंग्रजी कार्ड हाती दिले. खुणा धुवू नयेत, तेल-साबण लावू नये, घासू नये. मी ते पाटीवर मराठीत लिहून इंदूला दाखवले, इंदूने आईला सांगितले, आई "बरा" म्हणाली.

सकाळी शिकवण्या असणाऱ्यांसारखे वेळेवर निघायचे, बाकावर नंबर येईपर्यंत बसायचे, मग जाड दाराच्या खोलीत एकट्याने निजायचे. यंत्र घुमायचे. आत काही दुखत नाही, काही दिसत नाही. याचेच भय अधिक वाटे. त्याच सुमारास ट्रॉम्बेला अणुभट्टी सुरू झाल्याच्या बातम्या पेपरात येत होत्या. शेजारच्या वहिनींनी इंदूला विचारले की मास्तरांच्या अंगात भरलेले किरण पोरांना लागतील काय. त्यांची मुले आमच्याकडे यायची बंद झाली. किरण अंगात साठत नाहीत हे मी पाटीवर लिहून इंदूला समजावले. आणि तरीही माझ्या मुलीचे अंथरूण मीच आईच्या पलीकडे सरकवले. शिकलेला माणूस होतो, पण भीती शिकलेली नव्हती.

बाकावर माझ्या शेजारी मारुती नावाचा एक माणूस बसे. मरोळच्या खाणीत दगड फोडणारा. त्याच्या गालावर चौकोन होता. उपचार घेऊन तो परत खाणीवर जाई. एके दिवशी घामाने त्याची खूण पुसट झाली. यंत्रावरचा माणूस त्याच्यावर सगळ्यांदेखत तुटून पडला, तुला हजारदा सांगितले, आता डॉक्टर गुरुवारीच खुणा काढतात, तोपर्यंत घरी जा. मारुती गेला. गुरुवारी आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. त्याची बाकावरची जागा मी रोज पाहत असे.

*

नरकचतुर्दशीला आमच्याकडे चावदिस म्हणतात. सूर्य उगवायच्या आत आईने मुलाला तेल लावून, उटण्याने घासून न्हाऊ घालायचे, मग कारिटाचे कडू फळ पायाखाली फोडायचे. मी मोठा झालो, लग्न झाले, बाप झालो, तरी आईने हे एकदाही चुकवलेले नव्हते.

त्या दिवशी नेमकी इंदू बाजूला बसली होती. अशा दिवसांत तिने मोरीकडे यायचे नाही, सणाला तर नाहीच, असा आईचा नेम. ती बाहेर गॅलरीच्या कोपऱ्यात होती.

मी पाटावर बसलो. आईने डोक्यावर तेल थापले, ते डोळ्यांत उतरले. मी डोळे मिटले. तिचा हात खांद्यावर आला आणि उटण्याची मूठ मानेला लागली. मी हात वर केला. तिने तो खाली दाबला.

"गप बस झिला. आज चावदिस. आज अंगावर काळा काय ठेवचा नाय."

खुणा धुवायच्या नाहीत हे तिला माहीत होते. पण तिच्या समजुतीने ते रोजच्या आंघोळीपुरते होते. चावदिसाची आंघोळ ही तिच्या लेखी औषधाच्याही वरची. आजारी मुलावरचे किडे-काटे, दृष्ट, दुखणे आज निघाले नाही तर कधी निघणार? ती रडत होती हे मला तिच्या श्वासावरून कळत होते आणि रडत ती मान घाशीत होती.

मी एक शब्द ओरडलो असतो तर ती थांबली असती. तो शब्द माझ्या घशात होता. पण एका शब्दाने स्वरयंत्राचे काय होईल याची भीती त्या क्षणी मोठी होती, आणि मी गप्प बसलो. यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. अजूनही करतो.

डोळे पुसून आरशात पाहिले. डाव्या बाजूचा चौकोन साफ गेला होता. उजवा नुसती सावली राहिला होता.

*

दिवाळीमुळे दोन दिवस हॉस्पिटलचा तो विभाग बंद होता. तिसऱ्या दिवशी जायचे होते. मी कंपासपेटी काढली.

गॅलरीच्या कोपऱ्यातून इंदू म्हणाली, "अहो, त्यांनाच सांगा ना काय झालं ते. रागावतील तर रागावतील."

मी पाटीवर एकच शब्द लिहून तिच्यापुढे धरला. मारुती. तिने तोंड फिरवले.

खिडकीत आरसा टांगून, पाठ ताठ करून बसलो. उजवीकडच्या सावलीची कानापासूनची आणि हनुवटीपासूनची अंतरे मोजली. मग आरशात दिसावे म्हणून मान वळवून तीच डावीकडे घेतली. दवाखान्यातून जेन्शन व्हायोलेट आणले होते, ते तेच औषध, तोच रंग. पट्टी धरून रेघा मारल्या. चारही कोन काटकोनात आले. खोटे कशाला सांगू, मला त्या चौकोनाचा थोडा अभिमान वाटला.

यंत्रावरच्या माणसाने काही ओळखले नाही. त्याने यंत्राचे तोंड टेकवले, दार लावले. असे नऊ वेळा झाले.

*

फिलोमिना सिस्टर रविवारी आल्या. त्या हॉस्पिटलातर्फे दूरच्या रोग्यांच्या घरी जात. मरोळच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातल्या, चाळिशीच्या, पांढरा फ्रॉक, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कार्डांचा गठ्ठा. किरणांनी कोणाची कातडी किती भाजते, पुढे काय अपाय होतात, याची नोंद आमचे डॉक्टर ठेवीत होते. सिस्टरांनी ती नोंद घाटकोपर, ट्रॉम्बेचे कोळीवाडे, साकीनाक्याच्या झोपड्या इथवर नेली होती. त्या म्हणाल्या, "जे परत येतात त्यांचंच पुस्तकात लिहितात. जे येत नाहीत ते बरे झाले की मेले, कोणाला ठाऊक? म्हणून मीच जाते."

आईने त्यांना दिवाळीतला उरलेला चिवडा दिला. काय जेवता, गिळताना दुखते काय, सगळे विचारून झाले. मग त्यांनी मला चटईवर निजायला सांगितले आणि घरातली शाल गुंडाळून खांद्यांखाली सारली. मान मागे टाकून वळवली, अगदी टेबलावर वळवतात तशी.

त्यांचे बोट माझ्या मानेवर एका जागी टेकले, उचलले, दुसऱ्या जागी टेकले.

पुस्तकातला चौकोन पुस्तक कसेही धरले तरी हलत नाही. माणसाच्या मानेची कातडी हलते. बसल्या माणसाच्या मानेवर काढलेली खूण, तो निजून मान मागे टाकतो तेव्हा दोन बोटे सरकते. जन्मभर भूमिती शिकवणाऱ्या मला हे सुचले नव्हते. जुन्या किरणांनी तांबूस झालेली कातडी एका जागी होती आणि माझा जांभळा चौकोन तिच्या अर्धा बाहेर होता. बाहेरच्या बाजूला नवी लाली धरू लागली होती.

"मास्तर, हा चौकोन कोणी काढला?"

मी पाटी घेतली आणि लिहिले, डॉक्टर.

"डॉक्टरांची रेघ कापसाच्या बोळ्याची असते. ही पट्टी लावून काढलीय."

मी पाटी पुसली. एवढ्यात आई चहा घेऊन आली. आम्ही कशाविषयी बोलतो आहोत ते चौकोनाकडे पाहून तिच्या लक्षात आले. तिने कौतुकाने सगळे सांगितले. चावदिसाला तिने ते काळे कसे घासून काढले आणि दुसऱ्याच दिवशी या शहाण्याने पुन्हा कसे लावून घेतले. सांगता सांगता तिने आमची तोंडे पाहिली आणि ती थांबली.

"काय झाला? माझा काय चुकला?"

फिलोमिना सिस्टरांनी चहाचा कप तिच्या हातून घेतला. "तुमचं काय चुकायचंय आई? हॉस्पिटलची शाईच कच्ची निघाली. नुसत्या पाण्याने जाते. आमची चूक."

हाच तो खोटेपणा. तो त्यांनी इतक्या सहज केला की आई लगेच शाई करणाऱ्यांना नावे ठेवू लागली.

मला मात्र त्यांनी सोडले नाही, गॅलरीत नेऊन विचारले, "तुमच्या शेजारी बाकावर बसायचा त्या मारुतीला मी शोधायला गेले होते. खाणीवरची माणसं म्हणाली, गावी गेला. तो शाळेत गेलेला नाही, त्याचं मला समजतं. तुम्ही तर बी.ए. झालात. मग विचारायला काय झालं होतं?"

माझ्याजवळ पाटी नव्हती. न शिकलेल्याला विचारायची भीती वाटते, शिकलेल्याला लाज वाटते. मारुतीला निदान कोणी शहाणा म्हणत नव्हते. मला मात्र पंधरा वर्षे सगळे सांगत आले होते की आता तुला कोणाला विचारावे लागणार नाही.

"उद्या माझ्याबरोबर चला," त्या म्हणाल्या. "आधी मी आत जाईन."

*

डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे झाले असते. चुकीच्या जागी पडलेले किरण परत घेता येत नाहीत आणि कातडी ठराविकच सोसते, म्हणून जेवढे भरून काढता येईल तेवढे भरून काढू, असे ते म्हणाले. पुन्हा खुणा काढल्या. उपचार संपले तेव्हा मानेची साल निघत होती आणि घोटभर पेज गिळायला मला अर्धा तास लागत होता. इंदू समोर वाटी धरून बसे. एकदा मी वाटी भिरकावली. तिने दुसरी भरून आणली. ती दुसरी वाटी मी विसरणार नाही.

माघात आवाज परत आला. जुना नव्हे, पण आवाज. शाळेत गेलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खिडकीतून पाहिले, कुंपणाशी पिशवी खाली ठेवून आई उभी होती. मी प्रमेय पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

भाद्रपदात घसा पुन्हा बसला.

आरसा घशात घालून डॉक्टरांनी पाहिले. या वेळी ते मराठीतून बोलले, इंदूलाही कळेल असे. किरण आता देता येणार नाहीत. स्वरयंत्र काढावेच लागेल. मी विचारले, त्या नऊ दिवसांमुळे का? ते म्हणाले, कदाचित तसेही झाले असते, हे सांगू शकेल असे आज कोणी नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी आभारी आहे. पण त्या 'कदाचित'बरोबर मला रोज उठावे लागते.

*

दाखल होण्यापूर्वी सिस्टरांनी माझ्याकडून एक काम करून घेतले. इंग्रजी कार्डाऐवजी मराठी कार्ड. मी पहिल्यांदा लिहिले, 'सदर खुणांस जलस्पर्श होऊ न देण्याची दक्षता घ्यावी.' त्यांनी ते वाचले. "हे ऐकून माझ्या मरोळातली एक तरी बाई हात थांबवील काय?" मी दुसरे लिहिले: 'ही शाई औषधाचाच भाग आहे. सणालासुद्धा धुवू नका. हळद, तेल, उटणे लावू नका. पुसली गेली तर स्वतः काढू नका. लगेच या, कोणी रागावणार नाही.' शेवटच्या तीन शब्दांना यंत्रावरच्या माणसाने हरकत घेतली. सिस्टरांनी ते राहू दिले. आणि रोग्याला न्हाऊ कोण घालते हे विचारून, त्या माणसाला घरी जाऊन कार्ड तोंडी सांगायचे, हा नियम त्यांनी स्वतःसाठी केला.

ऑपरेशनला आता काही महिने झाले. गळ्याला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. शाळेने मला कचेरीत हजेरीपत्रके लिहायला दिली आहेत. आई अजूनही मागच्या वाटेनेच बाजारात जाते, पण आता थांबत नाही असे ऐकतो.

ऑपरेशनच्या आधी मी सिस्टरांना एक पत्र पाठवले होते. ते त्यांनी जपून ठेवले होते, त्यांच्याकडूनच ते उतरवून घेतले आहे.

मुलुंड,
नरकचतुर्दशी

आदरणीय फिलोमिना सिस्टर यांस सप्रेम नमस्कार,

परवा सकाळी मी दाखल होतो. शुद्धीवर येईन तेव्हा आपण वॉर्डात असाल तर बरे होईल. माझी पाटी वाचायची आपल्याला सवय आहे.

डॉक्टर म्हणाले, आता बोलायला हरकत नाही, राखण्यासारखे काही उरले नाही. म्हणून आठ दिवस बोलतो आहे. शाळेत शेवटचा तास घेतला, पहिल्या बाकापर्यंतच ऐकू गेला. मुलीला गोष्टी सांगितल्या. इंदूची क्षमा मागितली, ती म्हणाली, आधी पेज संपवा.

आईला खरे सांगावे असे दोनदा मनात आले. आपण तिला शाईचे जे सांगितलेत त्याच्यापुढे माझे खरे मला फार हलके वाटले. सांगितले नाही.

आज पहाटे तिने मला न्हाऊ घातले. डोक्याला तेल लावले, पाठ घासली, खांदे घासले. मानेपाशी तिचा हात थांबला. सिस्टर, तिला कोणी काही सांगितलेले नाही. पण वर्षभर तिचा हात माझ्या मानेला लागलेला नाही, हे मला आज कळले. उटण्याची मूठ धरून ती तशीच बसली होती.

मी म्हणालो, "आई, मान पण घास. नीट घास."

तिने घासली. मग विचारले, "दुखता काय रे?"

मी म्हणालो, "नाही गं."

परवापर्यंत तिच्याशी दुसरे काही बोलायचे नाही असे मी ठरवले आहे. माझ्या आवाजातले तिच्यापाशी राहायचे ते एवढेच राहू दे.

आपला,
मास्तर